कात्री धरणारीचा अंगठा

मोहाडीत गोडी छाटणी चालू होती तेव्हा
मामेभावाच्या मळ्यातल्या घरात बसून
मी प्रबंधाचं पाचवं प्रकरण दुरुस्त करत होते.
विषय : टोंगा बेटांवरून न्यूझीलंडला गेलेली माणसं
आणि त्यांच्या अंगातून गेलेला नाच.
दीड वर्ष ब्लेनहाइमला राहिले होते त्यासाठी.
तिथंही द्राक्षंच.
एवढ्यासाठी समुद्र कशाला ओलांडलास,
मामेभाऊ म्हणालाच.

पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या शेडमध्ये उतरलेल्या.
मुकादम एक, चुली सात.
यमुना भोये सकाळी हातांना खोबरेल चोळायची,
पेस्टनं कातडी सोलते म्हणून.
मी वहीत लिहिलं : तेल.
कारण नाचाआधी मेलेआनेही तेल चोळायची,
खांदे, दंड, पोटऱ्या,
आणि त्या चकाकत्या अंगावर लोक नोटा चिकटवायचे.
ती हसत राहायची, गुडघे जुळवून,
सगळं बोलणं मनगटांवर सोडून,
मधेच मान एका बाजूला, टिच्,
घड्याळाचा काटा अडखळावा तशी.

संध्याकाळी यमुनाला मोबाइलवर दाखवला तो नाच.
शेडमधल्या बाया गोळा झाल्या.
पहिला प्रश्न : नोटा कुणाला?
म्हटलं, गावाकडच्या चर्चच्या छपराला. वादळात उडालं होतं.
"मंग वर्गणीच की. आमच्या बोहाड्याची असती तशी."
कुणीतरी सांगितलं, यंदा रावणाचा मुखवटा
दिंडोरीच्या बागेतल्या पैशांनी रंगला.

दुसरा प्रश्न आला नाही.
यमुनानं पडद्यावर बोट ठेवलं, चित्र थांबलं.
"हिचा आंगठा पाह्यला का, ताई?"

पाहिला होता. पृष्ठ एकशे बारा.
हात उमललेला, उजवा अंगठा तेवढा तळव्याकडे वळलेला :
मिटलेला पंख, असं मी लिहिलं होतं,
परतू न शकणाऱ्या पक्ष्याचा,
स्थलांतराचं देहात उतरलेलं रूपक.
मार्गदर्शकांनी समासात 'सुंदर' लिहिलं होतं.

"कात्री धरती ही. मग तो उघडत नाही."
तिनं आपला हात पुढे केला,
शेजारणीनं तिचा,
आणि मागच्या पोरीनं, जिचा हा पहिलाच हंगाम,
आपलाही करून पाहिला.
तिचा उघडत होता.
कुणी हसलं नाही. भाकरी करपल्याचा वास आला
तशा बाया उठल्या.

रात्री मी पंख खोडला.
त्या जागी काय लिहावं, सुचेना.
मेलेआनेला विचारावं तर तिथं पहाटेचे साडेचार.
उठली असेल, सहाला बागेची बस येते.
फोन लावला.
घंटा वाजत राहिली तेवढा वेळ
मी माझा अंगठा वळवून बघत होते.
पेन धरून धरून त्यालाही एक घट्टा आहे,
पण तो उघडतो,
सहज.