काढलेलं सामान

इंदूरचे बियाणी लोहचुंबक घेऊन आले होते,
चष्म्याच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं.
पत्र्यावरून ते हळूहळू फिरवत होते,
डॉक्टर पाठीवरून नळी फिरवतात तसं.
डाव्या मडगार्डवर चुंबक घसरलं.
"इथे पुट्टी आहे," म्हणाले,
आणि वहीत दहा हजार कमी केले.

पुट्टी आहे, बरोबर.
तिथे मी चौदा वर्षांची आहे,
भालोदच्या रस्त्यावर, भर दुपारी.
वडील झोपलेत, किल्ली माझ्या मुठीत
आणि समोरून केळीचा ट्रक वळण घेतोय.
हे मी बोलले नाही.
दहा हजारांत एवढं बसत नाही.

एकसष्ट सालची डुक्कर फिआट.
पुढची दारं उलटी उघडणारी, गिअर स्टेअरिंगला,
नंबर एमएच एकोणीसच्या आधीच्या जमान्यातला.
फैजपूरचे तोताराम फिरके, कापसाचे दलाल,
यांची आयुष्यातली एकुलती एक चैन.
जाहिरातीत मी लिहिलं होतं : एकहाती वापर.
तेवढं एक खोटं होतं.
दुसरा हात जुम्मा तडवीचा.

बॉनेट उघडलं आणि बियाणी मान हलवत राहिले.
पंपाचा डायफ्रॅम सायकलच्या ट्यूबचा.
बुश भुसावळच्या लेथवर कातलेला, पितळ रेल्वेचं,
कसं आलं ते विचारू नये.
इंजिनखालचं रबर ट्रॅक्टरच्या टायरातून कापलेलं,
पॅकिंग केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं,
त्यावर अजून अर्धं 'सावदा' वाचता येत होतं.
दर उत्तराला पेन्सिल खाली यायची.
"ताई, हिच्यात फिआटचं काय उरलंय?"
भंगाराच्या भावापाशी येऊन टेकलो आम्ही.

जुम्माचाचा पायरीवर बसला होता,
न पेटवलेली बिडी बोटांत फिरवत.
उठला. लुनाला टांग मारून गेला.
परत आला तो पत्र्याची पेटी घेऊन.

चाळीस वर्षांत जे जे काढलं
ते सगळं तीत होतं, ग्रीस लावून,
पेपरात बांधून, सुतळीला चिठ्ठी :
'सत्त्याहत्तर, पोळ्याच्या आदल्या दिवशी, वायपरची मोटर.'
'हेडलाइटची रिंग. फुटेल नाही, ढिली हाये.'
'कार्बोरेटर. मालक लई नाराज.'
बियाणींनी खिशातून पांढरे हातमोजे काढले.
"हे जपून ठेवलं तुम्ही?"
"मालकाची वस्तू. मले कोनी फेक म्हनलं नाही."

मग किंमत चढू लागली.
मी तिच्याकडे पाहतच राहिले, पुराकडे पाहावं तशी.
जुम्माचाचाची एकच अट :
"जुनं बसवून देतो. पन माह्यं मले परत पाह्यजे."

तीन दिवस तो गाडीखाली होता.
आपलं काढत होता, तिचं तिला देत होता.
तिसऱ्या संध्याकाळी किल्ली फिरवली.
नाही.
चार पोरांनी ढकलली, चौकापर्यंत.
नाही.
"चाचा, चालत का नाही?"
तो हात पुसत होता.
"चाललं असतं, तं काढलं कायले असतं?"

बियाणींना त्याचं काही नव्हतं.
"चालवायचीय कुणाला!" म्हणाले,
आणि उरलेले पैसे मोजून दिले.
ट्रेलरवर ती उलटी चढवली होती,
म्हणून बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत
तोंड आमच्याकडेच होतं.
पावतीवर मी सही केली : वाहन, नग एक.

जुम्माचाचाने तीन दिवसांची मजुरी घेतली,
वर एक रुपया घेतला नाही.
पेटी लुनाच्या फळीवर ठेवली,
आता तिच्यात बुश, पितळ, ट्यूब, टायर,
पुठ्ठ्यावरचं अर्धं सावदा,
आणि निघाला यावल नाक्याकडे.
खड्ड्यांतून पेटी खडखडत गेली.

तो आवाज मी ओळखते.
तो गल्लीच्या टोकाशी आला की लहानपणी
गोष्टीचं पुस्तक उशीखाली सरकवून
झोपल्याचं सोंग घ्यायचे.
माझा हात उगाच बटणाकडे गेला.
दिवा लागलेलाच नव्हता.