मधल्या पोकळीचे पैसे

जुना थर्मास कानाशी धरून हलवला
तर आतून बांगडी वाढल्यासारखा आवाज.
सात जानेवाऱ्या काढल्या होत्या त्याने,
धुक्यातून मालनपूरला जाणाऱ्या बसमध्ये
श्रीरंगच्या रात्रपाळीचा चहा पोटाशी धरून.
परवा रेवतीच्या हातून सुटला.
ओरडले तिच्यावर. मग चहा ओतून दिला,
आणि सिंकच्या जाळीवर चकाकणारी
एवढीशी कपची बघून गप्प झाले.
घोटात दिसलीही नसती.

दौलतगंजात बांदिलजींचं दुकान.
मे महिन्यातले बारा, पंखा लूच वाटतोय सगळ्यांना.
ते बाटल्यांची ओळख रंगाने करून देतात,
मी प्रत्येक उलटी करून तळ वाचते.
तीनशे चार कुठे कोरलंय, दाखवा.
ते गल्ल्यातून चुंबक काढतात: "देखिए, चिपकता ही नहीं।"
चुंबकाला काय कळतंय, बांदिलजी,
हलक्या पत्र्यालाही ते पुष्कळदा चिकटत नाही.
आकडा बिलावर लिहून द्या.
लिहितात. अक्षर जरा बारीक होतं.

झाकण हुंगते.
चपलांच्या दुकानासारखा वास आला की बाजूला.
रबराची रिंग नखाने निघाली पाहिजे,
घासता आली पाहिजे,
आणि दोन वर्षांनी तिची बहीण मिळाली पाहिजे.
हात आत घालून बघते, मनगटाशी अडकतो.
जिथे हात पोचत नाही तिथे दूध वास धरतं,
हे काही मी कुठे वाचलेलं नाही.

रेवतीला जांभळी हवी, पंखांच्या घोड्याची.
उघड बघू.
तोंड लाल, दात ओठावर, उघडेना.
घोडा परत फळीवर गेला.
करडी घेतली, अंगठ्याने उघडणारी, अर्ध्या लिटरची;
लिटरची भरली की दप्तराचा पट्टा खांदा कापतो.
बाड्यापर्यंत बोलली नाही माझ्याशी.

त्याआधी थर्मास.
बांदिलजींनी शेजारच्या टपरीवरून उकळतं पाणी मागवलं,
दोघांत ओतलं, म्हणाले, आता हात ठेवा.
एक दहा मिनिटांत बाहेरून कोमट.
दुसरा गारच, आत काही घडलंच नाही असा.
हा महाग का?
"दो दीवारें, और बीच में कुछ नहीं।
हवा भी नहीं।"
त्या काहीच-नाहीचे सहाशे रुपये जास्त मोजले.
तसलाच एक डबाही घेतला, का ते ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे वरचा मजला, खालचा मजला,
आणि मध्ये दीड वर्ष काहीच नाही.
वैजयंतीवहिनींशी पाण्याच्या मोटारीवरून बिनसलं होतं,
की मोटारीच्या बिलावरून. आता नीट आठवतही नाही.
त्या पित्ताच्या खड्यांसाठी ॲडमिट झाल्या
हे मला दूधवाल्याने सांगितलं.

डब्यात आधी उकळतं पाणी घातलं, पाच मिनिटं ठेवलं,
ओतून दिलं, मग मुगाची पेज.
झाकण अर्धा आटा जास्तच फिरवलं.
भाऊजी जिन्यात भेटले, त्यांच्या हातात दिला.
कोणी दिला हे सांगू नका, म्हणणार होते;
म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी डबा पायरीवर.
घासलेला, कोरडा, आत कागदाच्या पुडीत
चमचाभर साखर. रिकामा डबा परत करू नये,
हे त्या टाके घातलेल्या पोटानेही विसरल्या नाहीत.
दवाखान्यात साखर कुठली? चहावाल्याकडून मागितली असेल.

रिंग मात्र उलटी बसवली होती.
काढली, पुसली, सरळ केली.
फडताळात ठेवणार होते डबा,
तेवढ्यात वर फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला,
हळू, कोणीतरी धरून धरून बसल्यासारखा.
मूग अजून वाटीभर होते.