पहिल्या वेळी खिळी तुटली

पहिल्या वेळी खिळी तुटली.
बोटाच्या पेराएवढी, बिजागरीतली, आठ रुपयांची.
मोतीझीलच्या पुढे, जिथे दगडाचे ट्रक
रस्ता चावून चावून थुंकतात.
तिघऱ्याला पोचलो तेव्हा मोटर
नावेच्या नाकावरून लोंबत होती,
आणि केतकी काही बोलली नाही.
ती बोलत नाही तेव्हा मी तिचा काका नसतो,
लष्करातला एक वाइंडिंगवाला असतो
जो निघताना म्हणाला होता, काही होत नाही गं.

चाळीस वर्षं पंखे भरले, पंप भरले,
तांब्याचे वेढे अंधारातसुद्धा मोजले.
पण माझ्या सगळ्या मोटरी पायाशी बोल्ट लावलेल्या,
जागच्या जागी फिरून म्हाताऱ्या झालेल्या.
प्रवासाला निघालेली ही पहिलीच.
डोकं जड, मान हातभर लांब,
आणि सगळा भार त्या एका पेरावर.

दुकानात रात्री तिला ट्रेलरवर ठेवून
मी ट्रेलर हातानं हलवत बसलो.
मग कळलं.
खड्डा मोडत नाही.
खड्ड्यातून वर आल्यावर
जे क्षणभर हवेत उरतं आणि मग आठवण आल्यासारखं खाली येतं,
ते मोडतं.

बाबूलालकडून शिसवीचा ठोकळा कापून घेतला,
मान टेकेल एवढी खाच, खाचेत सायकलची ट्यूब.
वरून पट्टा. पट्टा इतकाच ओढायचा
की खाली बोट जाईल, पण परत येताना कुरकुरेल.
बॅटरी वेगळी, जीपमध्ये, तारा सोडवून.
पाती काढून स्टीलच्या डब्यात.
आणि सगळ्यावर जुनी रजई.
सुषमा दारात उभी राहून म्हणाली,
माझं पित्ताशय काढलं तेव्हा
रिक्षानं आणलं होतंत.

मी जीपमध्ये मागे तोंड करून बसलो, डबा मांडीवर.
'बाबूजी, आगे देखिए, चक्कर आएगा,' हरगोविंद म्हणाला.
चक्कर आली.
पहिल्या दोन मैलांनंतर थांबवून पट्टा चाचपला,
सैल झाला होता, अर्धा दात पुढे घेतला.
खाणीजवळ चहाच्या टपरीवरच्या बाईनं
रजईकडे बघून आवाज खाली घेतला,
'कौन बीमार है?'
हरगोविंद म्हणाला, 'मोटर.'
तिनं चहात आलं जास्त घातलं.

तिघऱ्याचं पाणी यंदा मागे सरलं होतं.
चिखलावरून नाव आम्ही तिघांनी ओढली.
रजई काढली. मान सरळ. बिजागरी घट्ट.
खिळी जागच्या जागी, तेलात चमकत.
मी केतकीकडे बघितलं, तीही हसली,
आणि मी डबा उघडला.

पाती होती.
पाती दांड्याला अडकवणारी ती दुसरी खिळी,
पहिलीहून बारीक,
दुकानाच्या काउंटरवर होती,
नीट पुसून, कागदावर ठेवलेली, हरवू नये म्हणून.

कोणी काही बोलेना.
पाणकोंबड्या बोलत होत्या.
काठाला जाळं झटकणाऱ्या बाथम म्हाताऱ्यानं
आमच्याकडे पाहिलं, मग आपल्या सायकलकडे,
मग मागच्या चाकाची एक तार काढली.
'वैसे भी टेढ़ी थी,' म्हणाला.
पकडीनं तोडून दोन पदरी केली,
ठोकून बसवली. बसली.

बटण दाबलं.
मी सवयीनं कान दिला,
बेअरिंगची कुरकुर, ब्रशची चरचर,
ज्यानं मी चाळीस वर्षं मोटरी ओळखल्या.
काही नाही.
नाव नुसती निघाली,
पाणकोंबड्यांमधून, आणि एकही उडाली नाही.
केतकी पाण्यात बाटली बुडवत होती,
नंबर लिहीत होती,
आणि मी हात दांड्यावर ठेवला, ती चालू आहे
हे कळण्यासाठी.

परतताना पुन्हा सगळं बांधलं.
तार काढून खिशात घेतली,
म्हाताऱ्याला नवी आणून द्यायची म्हणून.
हरगोविंदनं यावेळी विचारलं नाही.
मी उलटाच बसलो.