शहात्तर

पाठीवर चिकटवलेला कागदी नंबर, दोनशे चौदा.
नावाची इथे संध्याकाळपर्यंत गरज नाही.
तंबूतल्या बाईने सहाशे डॉलरची पावती फाडली,
वर पाण्याची एक बाटली दिली, फुकट.

जाळीमागे घडीच्या खुर्च्या,
त्यांवर कॉलेजांचे टी-शर्ट घातलेली माणसं,
हातात रडार गन, मांडीवर वही.

मी आयोवात, धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळते.
मक्याचे ट्रक भरलेले येतात, रिकामे जातात.
ओलावा जास्त निघाला की पैसे कापते,
तेव्हा लोक माझ्याकडे असे बघतात
जणू पाऊस मीच पाडला.
मापात पाप नसावं, एवढंच मला कळतं.

एमेटचा पहिला चेंडू ब्याऐंशी.
दुसरा त्र्याऐंशी.
शेजारी ओहायोचा एक बाप, म्हणाला,
डावखुरा आहे, म्हणजे थोडी सूट मिळेल.
मग चौऱ्याऐंशी!
खुर्चीतल्या एकाने वहीत काहीतरी लिहिलं.
मी त्या पेनाकडे बघत राहिले,
आणि मग

एकोणऐंशी.
अठ्ठ्याहत्तर.
शहात्तर.

पेन खिशात गेलं.
कुणीतरी उठून सरबताच्या गाडीकडे गेलं.
ओहायोचा बाप स्वतःचे बूट न्याहाळू लागला,
भला माणूस.

परतीच्या वाटेवर मी दोनशे मैल गप्प.
त्याच्या कोपरावर बर्फाची पिशवी, सीटवर ठिबकत.
मिसिसिपीच्या पुलावर विचारलंच,
शेवटी काय झालं? खांदा?

'कॅचरचा अंगठा,' तो म्हणाला.
'सुजून निळा झाला होता.
सकाळपासून तो एकटाच सगळ्यांचे झेलत होता.
नेब्रास्काचा आहे. तुला दिसलं नाही?'

नव्हतं दिसलं.
चेंडू त्याच्या हातून सुटला
की माझे डोळे थेट आकड्यावर जायचे.
मधले साठ फूट
मी दिवसभरात एकदाही पाहिले नव्हते.

राग आला, खोटं कशाला बोलू.
मोटेलच्या दोन रात्री, तीन दिवसांची बिनपगारी रजा,
आणि हा पोरगा, एका परक्या अंगठ्यापायी.
'दुसरा कॅचर मागायचास.'
'मागितला.'
'मग?'
त्याने पिशवी दुसऱ्या बाजूने लावली, बाहेर पाहू लागला.

गुरुवारी एका कॉलेजची ईमेल आली.
प्रिय एमिट, असं लिहिलंय, एक अक्षर चुकवून.
ऑगस्टमध्ये शिबिर आहे, साडेचारशे डॉलर,
आम्हाला तुझ्यात फार रस आहे.
खाली रकाना: सर्वाधिक वेग.

चौऱ्याऐंशी टाकलं. खरंच आहे ते.
शहात्तरही खरंच आहे,
पण त्याला कुठे जागा दिसेना.

फॉर्म तसाच उघडा आहे अजून.
बाहेर काट्यावर ट्रक चढलाय,
आकडा थरथरतोय,
स्थिर व्हायला वेळ घेतोय.