राखीव

इतिहास विचारायला आलात, तर आधी बसा.
त्या खाटेवर नको, तिचा एक पाय लटका आहे.

पहिला सामना मी बोकडासाठी खेळले.
आमच्या सिमडेग्यात त्याला खस्सी म्हणतात.
जिंकेल त्या गावानं तो ओढत न्यायचा,
रात्री सालाच्या पानांवर वाटून खायचा;
हरेल त्या गावानं वास घेत घरी जायचं.
चेंडू बांबूच्या मुळाचा. काठी जंगलातली,
तिचा वाक देवानं दिला तसा.
मी गोलात, कारण धावायला आळशी
आणि मार खायला निगरगट्ट.
पायांना तागाची पोती बांधायचे, आत पेंढा.
एकदा भर सामन्यात त्यातून उंदीर निघाला
आणि आम्ही गोल खाल्ला.

मग एकोणिसाव्या वर्षी विमान.
राऊरकेल्याहून दिल्ली, दिल्लीहून ते थंड शहर.
त्याचं नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही.
सरकारी कोटाच्या बाह्यांत माझे हात हरवले होते.

तिथं पहिल्यांदा पाहिलं ते गवत:
हिरवं, ओलं, बिनमुळांचं.
वाकून वास घेतला. रबराचा आला.
आमच्याकडे चेंडू खड्याखड्याला विचारत येतो,
तेवढ्यात माणूस ठरवतो, डावीकडे की उजवीकडे.
तिथं चेंडू कुणालाच काही विचारत नव्हता.

लोक म्हणतात, आपण मागे पडलो ते त्या गवतावर.
असेल.
मला मागे पडणं बाकावरून दिसलं.
मी राखीव. सोळा नंबर.
अकरा दिवस, पाच सामने,
पाण्याच्या बाटल्या आणि दुसऱ्यांचे कोट सांभाळले.
प्रत्येक कोटाला वेगळा घाम;
डोळे मिटून सांगितलं असतं, मैदानात कोण आहे.

एकच गोष्ट केली. कुठं लिहिलेली नाही,
तुम्हीही लिहू नका.

गोलात गुरमेज असायची, जालंधरकडची, दारात मावणार नाही अशी.
माझी सादरी तिला कळेना, तिची पंजाबी मला.
चेंडू डावीकडून आला की ती टाच उचलायची,
चिमूटभर.
त्या चिमटीतून तीन गोल गेले.
रात्री जेवताना मी टेबलाखाली शिरले,
तिची टाच धरली आणि जमिनीला दाबली.
सगळ्या हसल्या. ती नाही हसली.
पहाटे मला हलवून उठवलं तिनं,
आणि वसतिगृहाच्या लांबच लांब बोळात
मी तिच्यावर बटाटे मारत राहिले,
स्वयंपाकीण ओरडत येईपर्यंत.

शेवटच्या सामन्यात तसाच आला, डावीकडून, खाली, सणसणत.
टाच हलली नाही.
चेंडू तिच्या पॅडवर आदळला
तो आवाज माझ्या नडगीत वाजला.

सामना तरीही हरलो. उजवीकडून दोन गेले.

छापील यादीत माझं आडनाव चुकलं,
इमरेन्सिया बिलुंगची कुणी बिलिंग झाली.
बाबांनी तो कागद बायबलात जपला.
वाळवीनं खाल्ला, नावासकट, चुकीसकट.
बुटात अडकून तीन हिरवे धागे आले होते,
अंगणात पडले, कोंबडीनं चोच मारून टाकून दिले.
पुरावा म्हणाल तर एवढाच होता.

आता धान कापून झालं की दरवर्षी स्पर्धा असते.
मुलींकडे दुकानातल्या काठ्या. बूट एखाददुसरीलाच.
मला खुर्ची देतात, गळ्यात झेंडूची माळ,
आणि बक्षिसाच्या बोकडाची दोरी हातात.
माइकवर कुणीतरी देशाचं नाव, गावाचं नाव करत असतं;
बोकडाला काय त्याचं.
तो माळ हुंगतो, एक फूल खातो,
मग मला ओढत नेतो गोलाकडे,
तिथल्या कडेला थोडं खरं गवत उरलंय.

मीही जाते.
गोलात कुणाची तरी पोर उभी असते,
गुडघे वाकवून, नाक ओढत.
भाषण मागे राहतं.
मी खाली बघते,
तिच्या टाचांकडे.