ओळंबा

सात रस्त्याच्या अलीकडं ती बसकी इमारत,
पोरं तिला भुताचा बंगला म्हणायची.
तिची मागची भिंत मी तीनदा बांधलीय.
आत कधी गेलो नव्हतो.

मेजर चन्नवीर हत्तुरे सुट्टीवर आले की
गुरुवारी संध्याकाळी काळा कोट घालून यायचे,
बगलेत चपटी पेटी.
एकदा थांबले, माझा ओळंबा हातात घेतला,
दोरी निश्चल होईस्तोवर बघत राहिले.
म्हणाले, "यल्लप्पा, मीपण गवंडीच की रे."
मी त्यांच्या तळव्याकडं बघितलं. चुना नाही, घट्टा नाही.
"कुठली भिंत बांधली सायेब?"
"अजून पहिलाच दगड घडवतोय. स्वतःचा."
मला वाटलं, मोठ्या माणसांची चेष्टा.

तोफखान्यात होते. डाव्या कानानं ऐकू यायचं नाही.
मिलचा भोंगा झाला तरी मान वळायची नाही,
पण माझ्या छिन्नीखाली दगड पोकळ वाजला
की उजवा कान टवकारायचे.
सांगायचे, तोफेलाही कोन लागतो,
तुझ्यासारखाच गुण्या, तुझ्यासारखाच ओळंबा,
फक्त आमचं गणित बरोबर आलं
की पलीकडं कुणाची तरी भिंत पडते.
मग बिडी मागितली.
मी दिली. खोकत खोकत ओढली.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली.
गोळा लागला नव्हता.
रात्री तोफ पलीकडं नेताना पूल खचला.
लोक शौर्याचं विचारत होते.
मी विचारत होतो, पूल कुणी बांधला?
पाया किती खोल घेतला होता?

देह आला नाही. तिकडंच अग्नी दिला म्हणे.
"आमच्यात पुरतात," त्यांची आई सांगत राहिली
येईल त्याला, पोस्टमनला, मला,
"बसवून पुरतात, हातात लिंग देऊन."
आली ती ट्रंक. तिच्यात पांढरा ॲप्रन,
कोकराच्या कातड्याचा.
ज्या घरात कधी अंडं आलं नाही
तिथं ते कातडं आठ दिवस ओसरीवर पडून.
नवव्या दिवशी म्हातारीनंच उचललं,
पदरानं पुसलं,
शाळेच्या सदऱ्यासारखी घडी घातली.

मग बंगल्यातून बोलावणं आलं.
नावाची पाटी बसवायची होती.
काळ्या-पांढऱ्या फरशीवर अनवाणी गेलो.
भूत नव्हतं. एका कोपऱ्यात
ओबडधोबड काळा दगड, छिन्नी न लागलेला,
आणि रेल्वेतले रिटायर गार्ड, डिमेलो सायेब,
हातात बाभळीची डहाळी घेऊन उभे.
आमच्या रिवाजात हीच लागते, म्हणाले.
काटा बोटात घुसला होता त्यांच्या,
काढत नव्हते.

पाटी बसवली. ओळंबा सोडला.
वारा नसताना दोरी बराच वेळ हलत होती.

सात रुपये मजुरी मोजून घेतली.
फुकट केलं असतं तर मेजर म्हणाले असते,
मग तू कसला गवंडी.