बुधवारचा जिना

ग्लासगोत, डेनिस्टनमधल्या सत्तावीस नंबरचा जिना
बुधवारी धुतला जातो.
गाडीवर लिहिलंय: रॅफर्टी आणि मुलगी.
रॅफर्टी म्हणजे आई. ती जाऊन सात वर्षं झाली,
पण अक्षरं काढायलाही पैसे पडतात.
मुलगी म्हणजे मी, छप्पन्न वर्षांची,
गुडघ्यांना पाऊस आदल्या दिवशीच कळतो.

आईच्या लहानपणी पाळी असायची.
ज्या घराची पाळी त्या दाराच्या मुठीला
पुठ्ठ्याचा तुकडा टांगलेला: या आठवड्यात जिना तुमचा.
बाया ओणव्या होऊन धुवायच्या,
दगड वाळला की कडेने पांढऱ्या खडूची नागमोडी रेघ ओढायच्या
आणि कुणाची रेघ वाकडी यावर शनिवारपर्यंत बोलायच्या.
मग बाया नोकरीला लागल्या, पुठ्ठा कुठेतरी हरवला.
आई म्हणाली, सगळ्यांची पाळी मीच घेते,
घरामागे पन्नास पेन्स.
धंदा सुरू झाला तो असा.

लोक म्हणतात, वाढव.
वाढवला होता एकदा. नदीकाठची काचेची कचेरी, चौदा मजले,
नवी यंत्रं, सहा माणसं, छापील गणवेश.
साहेब बदलला, एका शुक्रवारी काम गेलं,
गणवेश अजून घरात आहेत, त्यांनीच भांडी पुसते.
जिना मात्र साहेब बदलत नाही.
धूळ कधी ऑर्डर रद्द करत नाही.
माझं भांडवल एवढंच: चार बादल्या,
अब्रेहेत,
आणि बुधवार.

अब्रेहेत अस्माराची.
पहिल्या दिवशी खालून वर धूत गेली
आणि चौथ्या मजल्यावर अडकली.
ओल्यावर पाय द्यायचा नाही, हा आमचा नियम.
दोघी वरच बसलो, वाळेपर्यंत,
तिच्या डब्यातली भाकरी खात.
त्या तासाचे पैसे मी तिला दिले. शिकवणी फुकट नसते.

तिसरा मजला, उजवीकडचं दार: तीन महिने थकलेत.
पण पायरी काही कुणाच्या वाट्यापुरती धुता येत नाही.

जानेवारीत गाडी बसली.
टाकीतलं पाणी गोठलेलं, मेकॅनिक म्हणाला उद्या.
उद्या गुरुवार.
बादल्या घेऊन आम्ही बसने गेलो,
ड्रायव्हरने दोन बादल्यांचं तिकीट मागायचं राहू दिलं.
आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी दारं वाजवली.
गरम पाणी मिळेल का?

तळमजल्याने किटली दिली, कोमट.
पहिल्या मजल्यावर कुत्रं भुंकलं, माणूस नाही आला.
थकबाकीवाल्यांनी दोन पातेली आणली, उकळती,
हात भाजत होते त्या पोराचे.
बिलाचं त्याने काढलं नाही, मीही नाही.
दुसऱ्या मजल्यावर म्हातारे गिलफिलन,
जन्म याच घरातला,
चष्मा पुसून माझ्याकडे बघत म्हणाले,
तुम्ही नवीन का?
आधीच्या बाई बऱ्या होत्या हो,
कधी दिसल्या नाहीत.

मी म्हटलं, हो, नवीन.
अब्रेहेत बादलीत तोंड घालून हसत होती.

वरून खाली आलो, एकेक पायरी.
मधोमध खोलगट झालेला दगड, शंभरेक वर्षांच्या पायांनी,
पाणी तिथेच साचतं,
तिथलं फडक्याने टिपावं लागतं, हाताने, वाकून.
आईही तिथे थांबायची.
म्हणायची काही नाही, फडकं पिळायची.

वहीत लिहिलं: सत्तावीस नंबर, बुधवार, झालं.
दार ओढून घेतो न घेतो तोच
एक बाई आली, मुलाला ओढत,
बूट बर्फाने आणि चिखलाने माखलेले,
चढली थेट.
खालून पहिल्या मजल्यापर्यंत ठसे मोजता येत होते.

अब्रेहेतने माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, चल, बस निघेल.